नऊ बोटं गार पाणी

"त्रेचाळीस," वर्तक मॅडम म्हणाल्या आणि थर्मामीटर पुन्हा गोमुखाखाली धरला. पुन्हा त्रेचाळीस. तिसऱ्यांदा धरायला लागल्या तेव्हा मी म्हटलं, "मॅडम, एकदा सांगितलं ते सांगितलं त्याने. किती वेळा विचाराल? चिडेल."

त्या हसल्या नाहीत. कुंडाच्या पायरीवर बसल्या आणि वहीत आकडा लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या.

"वीस वर्षांपूर्वीच्या पुस्तकात त्रेचाळीस, आजही त्रेचाळीस. तात्या, हे पाणी बदललंच नाही म्हणायचं."

"बदलेल कसं? रामाने बाण मारून काढलंय ते. सरकारं बदलली, एस. टी.चा रंग बदलला, आमच्या उन्हतळ्याचं पाणी एका अंशाने हललं नाही."

हे मी छाती पुढे काढून बोललो. खोटं बोलताना छाती पुढे काढायची सवय मला पहिल्यापासून आहे. खरं बोलताना तिची गरज पडत नाही, आणि खरं बोलायची वेळही फारशी येत नाही.

किल्लारीचा भूकंप झाला त्याच्या दुसऱ्या वर्षीची ही गोष्ट. आमच्याकडे दिवाळीपासून जमीन अधूनमधून गुरगुरत होती. फार नाही, फळीवरची भांडी एकमेकांना लागायची, कुत्री ओरडायची, की संपलं. पण किल्लारीचे फोटो सगळ्यांनी पाहिलेले, त्यामुळे माणसं अंगणात झोपायला लागली. वर्तक मॅडम पुण्याच्या. दगडमातीचा अभ्यास करायच्या. पौषात त्या आमच्या पडवीत मुक्कामाला आल्या ते कुंडासाठी. जमिनीच्या पोटात काही हललं तर ते आधी ऊन पाण्याच्या झऱ्यांना कळतं, असं त्यांचं म्हणणं.

"मग मांडा की यंत्रं," मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं.

"यंत्रं फुकट येत नाहीत, तात्या. अर्ज करावा लागतो. नेहमीच्या रस्त्याने गेलं तर दीड वर्ष."

"दीड वर्षात भूकंप कंटाळून निघून जाईल हो!"

"म्हणून तर तातडीचा एक वेगळा निधी असतो. दहा दिवसांत हो की नाही सांगतात. पण त्यांची अट एकच. काहीतरी आत्ता बदलतंय आणि थांबलो तर ते कायमचं हातचं जाईल, हे दाखवून द्यायचं. शुक्रवारी त्यांचे तपासनीस येतायत. त्यांना दाखवायला माझ्याकडे काय आहे? दोन विहिरींचं पाणी खाली गेलंय, एवढंच. ते म्हणतील, उपसा वाढला असेल."

आता तुम्हाला सांगतो ते त्यांना मी सांगितलं नव्हतं.

गोमुखाच्या मागे एक दगडी खोली आहे. माणूस वाकून आत जाईल एवढं दार, त्याला कुलूप, किल्ली माझ्या करगोट्याला. खऱ्या झऱ्याचा डोळा त्या खोलीत. तिथे आमच्या गुरवाच्या घराशिवाय कोणी जायचं नाही, असा रिवाज. का? तर एका गोऱ्या साहेबाने आत डोकं घातलं, बाहेर काढलं तेव्हा टोपी शाबूत होती आणि खाली केस नव्हते. ही गोष्ट माझ्या आजोबांनी रचली, मी तिला टोपी घातली. खरं कारण असं की डोळ्यातून येणारं पाणी अंगावर घेण्याजोगं कधीच नव्हतं. कातडी सोलून निघेल. म्हणून आमच्या पूर्वजांनी मागच्या ओढ्याचा एक चोरपाट त्या खोलीत आणलेला. त्याच्या तोंडाशी सागाची फळी. फळी तीन बोटं उचलली की गार पाणी आत येई, ऊन पाण्यात मिसळे, आणि गोमुखातून बाहेर पडे ते रामाच्या बाणाचं, सोसेल असं पाणी.

देवस्थान कमिटीला हे ठाऊक नव्हतं. म्हणजे एकदा कळलं होतं, माझ्या चुलत्याच्या वेळी. म्हशी डुंबतात तो ओढा देवाच्या पाण्यात सोडला म्हणून खोतांच्या नानांनी त्याला भर सभेत कुंडावरून काढलं. तो मुंबईला गिरणीत गेला आणि परत आला नाही. पाट तेव्हाच बुजला, असा कमिटीचा समज. मला मुंबईची हवा मानवत नाही.

दिवाळीनंतर एका पहाटे मी नेहमीसारखी टाच टेकून पाणी बघायला गेलो आणि टाच भाजली. फळी आणखी अर्धं बोट उचलली. चार दिवसांनी आणखी अर्धं. मॅडम आल्या तेव्हा फळी पाच बोटं वर होती, आणि त्या बाहेर गोमुखाखाली थर्मामीटर धरून त्रेचाळीस, त्रेचाळीस लिहीत होत्या.

माझी बायको इंदू भाकरी थापता थापता म्हणाली, "अवो, त्या बाईला सांगा एकदाचं."

"आणि नानांना काय सांगू?"

"नानांना तुमची एखादी गोष्ट सांगा. तुमच्याकडे काय तोटा!"

"तू गप गो."

"मी गपच असते. म्हणून तर घर उभं आहे."

शुक्रवारी सकाळी जीप आली. उतरले ते धारवाडकर साहेब, सत्तरीला आलेले, बारीक, गुडघ्याला पट्टा बांधलेला. मॅडमचे गुरुजी शोभावेत असे, पण गुरुजी नव्हते. दोघं एकमेकांना पहिल्यांदाच भेटत होती. साहेबांनी विहिरी पाहिल्या, भिंतींच्या भेगा पाहिल्या, मान हलवली. मग कुंडावर आले, बूट काढले, विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि गोमुखाखालच्या पायरीवर बसून पायांवर धार घेतली.

"आहाहा. पंचवीस वर्षांपूर्वी आलो होतो इथे. हेच पाणी."

"हेच, साहेब," मी म्हटलं. मग तास-दीड तास त्यांना कुंडाचा इतिहास ऐकवला. ओढ्यातला एक खेकडा चुकून कुंडात पडला, लाल होऊन बाहेर आला आणि तसाच शिजलेला चालत चालत दापोलीपर्यंत गेला, ही हकिकत त्यांना फार आवडली. मामलेदाराचं घड्याळ पाण्यात पडलं ते त्या दिवसापासून दोन तास पुढे, त्यामुळे मामलेदार एक वर्ष आधी निवृत्त झाला, हीही आवडली. ते डोळे मिटून हसत होते. मॅडम मात्र वही मांडीवर घेऊन आकडे चाळत होत्या.

शेवटी साहेबांनी डोळे उघडले. "बोला वर्तकबाई. झऱ्याचं तापमान किती वाढलंय?"

आता बघा, थर्मामीटर मॅडमच्या पिशवीत होता. साहेबांचा चष्मा बुटात. आजूबाजूला मी आणि दोन चिमण्या. मॅडमनी पंचेचाळीस म्हटलं असतं तर कोण विचारणार होतं? दोनच अंश! मी असतो तर दहा वाढवले असते आणि वर वाफ दाखवली असती.

"वाढलेलं नाही, सर," मॅडम म्हणाल्या. "त्रेचाळीस आहे. जुन्या नोंदीतही त्रेचाळीस. माझा अंदाज चुकला असावा. अर्ज मागे घेते."

"नक्की?"

"अकरा वेळा पाहिलं."

साहेब हळहळले. "वाईट वाटतं. पण दाखवण्यासारखं काही नसेल तर निधी मलाही देता येणार नाही."

मॅडमनी मान डोलावली आणि वही पिशवीत घातली. रडल्या वगैरे नाहीत. दोन रेघा ओढलेलं ते पान मला तेवढं दिसलं. आयुष्यभर मी आकड्यांना शेपट्या लावत आलो, आणि ही बाई स्वतःचं काम बुडत असताना दोन अंश उसने घेईना.

बोलून उपयोग नव्हता. दीड तास मी ज्या गोष्टी सांगितल्या त्यानंतर माझ्या शब्दावर कुत्रंही उठलं नसतं. मी करगोट्याची किल्ली सोडली, दार उघडलं, वाकून आत गेलो आणि फळी खाली दाबून टाकली. पूर्ण. पाटाची खळखळ थांबली.

बाहेर येऊन ओरडलो, "साहेब, पाय वर घ्या! पाणी कढत येतंय!"

"तात्या, आता ही कुठली नवी?" साहेब डोळे मिटूनच म्हणाले. "आता कोण शिजलं?"

"अहो, गोष्ट नाही, खरंच!"

"खेकडाही खरंच होता ना?"

आणि मग पट्टा बांधलेल्या गुडघ्याचा तो सत्तरीचा माणूस असा उडाला की मी पैज लावून सांगतो, कुंडाच्या काठावर तो बसलेला उतरला नाही, उभा उतरला. पाय टोमॅटोसारखे लाल. मॅडम धावल्या, पण साहेबांकडे नाही, थर्मामीटर घेऊन गोमुखाकडे.

"एक्कावन्न," त्या म्हणाल्या. "अठ्ठावन्न... सहासष्ट, सर! सत्तर... एकाहत्तर." तिथे पारा थांबला.

कुंडावर वाफ दाटली. इंदू घरातून कोरफडीचं पान सोलत आली, साहेबांना ओट्यावर बसवून पायांना गर चोळायला लागली. खोलीचं उघडं दार बघून तिने काय ते ओळखलं.

मी सगळं सांगितलं. चोरपाट, फळी, चुलता, नाना. छाती पुढे न काढता सांगितलं, त्यामुळे फार लवकर संपलं.

मॅडमनी थर्मामीटर पायरीवर ठेवला. "तात्या, तीन आठवडे मी तुमच्या घरात जेवते."

"होय."

"तीन आठवडे!"

"होय, मॅडम."

त्या पुढे बोलल्या असत्या, पण साहेबांनी हात वर केला. "थांबा. भांडण नंतर. आज एकाहत्तर आहे, हे माझ्या पायांनाही मान्य आहे. पण काल किती होतं? दिवाळीच्या आधी किती होतं? डोळ्याशी आजवर कोणी मोजलेलंच नाही. पहिल्यापासून एकाहत्तर असेल तर बदल कुठला?"

"पूर्वी तीन बोटं फळी लागायची, आता पाच लागते," मी म्हटलं.

"हे कोण सांगतंय?"

"मी."

"तेच तर," साहेब म्हणाले.

त्यांचं काही चुकलं नव्हतं. आणि तेव्हा कोरफडीचे हात पदराला पुसत इंदू म्हणाली, "मी लिहून ठेवते ते चालेल काय?"

झालं होतं असं. सकाळी कुंड पुरुषांचं, दुपारी बायकांचं. दुपारी मी तिथे फिरकायचं नाही, तेव्हा माझ्याकडून किल्ली घेऊन इंदू बघायची. सकाळी मी फळी कमीजास्त करायचो, कधी दुपारपर्यंत पाटात पाला अडकून ती खाली बसायची, मग इंदूला ती परत जागेवर आणावी लागायची.

"ह्यांना विचारलं किती बोटं, तर सकाळी चार सांगतात, जेवताना सात," ती साहेबांना म्हणाली. "मग मीच रोज ह्यांच्या पाठोपाठ आत जाऊन बोटं लावून बघते आणि कॅलेंडरवर मांडते. दुधाच्या खाली."

तिने स्वयंपाकघरातलं कॅलेंडर खिळ्यासकट आणलं. मग मागची आणली, डब्यांखाली अंथरलेली, तेलाचे गोल उमटलेली. चार वर्षांची. प्रत्येक तारखेच्या घरात वर दुधाचा आकडा आणि खाली बोटं. तीन. तीन. तीन. पावसाळ्यात कधी पावणेतीन. चार वर्षं नुसते तीन, तीन, तीन. मला वाचूनच झोप आली असती. आणि दिवाळीपासून साडेतीन. चार. साडेचार. पाच.

साहेबांनी बुटातला चष्मा काढला. दोघांची डोकी कॅलेंडरवर वाकली.

"बाहेर पडणारं पाणी ह्यांच्या टाचेने कायम त्रेचाळीसच ठेवलं," मॅडम भरभर बोलायला लागल्या. "ओढ्याचं पाणी चोवीस. मग त्रेचाळीसवर आणायला किती गार पाणी लागलं, ते कळलं की आतलं किती तापलेलं होतं ते मागे जाऊन काढता येतं. आज पाच बोटांना एकाहत्तर. त्या हिशेबाने तीन बोटांना..." त्यांनी समासात गणित केलं. "साठ. सर, साठ! अडीच महिन्यांत अकरा अंश चढलंय!"

"असं मोजलेलं मी कुठे पाहिलं नाही," साहेब म्हणाले. "ह्याला यंत्र म्हणायचं की स्वयंपाकघर?" मग त्यांचं बोट डिसेंबरच्या एका ओळीवर थांबलं. इंदू कोरफडीचं पान टाकायला मागे गेली होती. "हे काय? सात, नऊ, सात?"

"त्या तीन दिवसांत पाणी अगदी पिसाळलं होतं, साहेब," मी म्हटलं.

साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, आणि काहीतरी टिपून घेतलं.

बाराव्या दिवशी तार आली. निधी मिळाला. त्याच आठवड्यात यंत्रं आली, चोरपाटाच्या खोलीत तारा गेल्या, आणि इंदूला नोंदी ठेवण्याचं काम मिळालं. कागदावर तिचं नाव, इंदिरा भिकाजी गुरव, निरीक्षक. खाली माझं, मदतनीस. नानांनी सभा बोलावली, चुलत्यासारखीच माझी किल्ली काढून घेतली आणि फळी बंद करून खिळे ठोकले. तिसऱ्या दिवशी खुद्द नानांची सून पाय भाजून घरी गेली. चौथ्या दिवशी नाना किल्ली घेऊन पडवीत आले. म्हणाले, "भिकू, रामाच्या बाणालाही कधीकधी ओढ्याची मदत लागत असेल." मी म्हटलं, "नाना, हे तुम्ही माझ्यापेक्षा छान रचलंत."

गुरगुर चैत्रापर्यंत कमी झाली, पाणीही उतरत गेलं. ज्येष्ठात फळी परत तीन बोटांवर आली आणि तिथेच राहिली. नेहमीच्या रस्त्याने अर्ज गेला असता तर यंत्रं येईपर्यंत इथे तीन, तीन, तीन यापलीकडे काही सापडलं नसतं.

पुढच्या मार्गशीर्षात मॅडम परत आल्या. माझ्यावरचा राग बराच निवला होता. पडवीत चटईवर त्यांनी एक लांबलचक कागद पसरला. त्यावर पेन्सिलीने काढलेली रेघ. चार वर्षं सपाट, मग चढत गेलेली, मग यंत्रांच्या आकड्यांची उतरण. डोंगराचा एक निवांत उतार असावा तशी. फक्त चढणीवर मध्येच एक सुळका.

"वहिनी, तुम्हाला एक विचारायचंय," मॅडम म्हणाल्या. "हे तीन दिवस. चार, चार, मग सात, नऊ, सात, आणि परत चार. नऊ बोटं म्हणजे पाणी जवळजवळ उकळत होतं. आम्ही ह्याच्यावर वर्षभर भांडतोय. एक म्हणतो वायू फुटला, दुसरा म्हणतो खडक तुटला. खरं म्हणजे निधी ह्या नऊपायीच अडला होता."

"अडला होता?" मी विचारलं.

"दोन दिवस. समितीत एकजण म्हणाला, हे अशक्य आहे, एक आकडा खोटा तर सगळं कॅलेंडर खोटं, अर्ज फेकून द्या. धारवाडकर सर अडून बसले. बाकीची सगळी घरं एकेक करून वाचून दाखवली त्यांनी समितीला. तीन, तीन, तीन. म्हणाले, एवढं कंटाळवाणं कोणी खोटं लिहीत नाही."

मला वाटत होतं, तो नऊ बघूनच साहेब भुलले. वर्षभर मी मनातल्या मनात निधीचं श्रेय घेत होतो.

"कुठल्या तारखा म्हणालात?" इंदूने विचारलं.

"नऊ, दहा, अकरा डिसेंबर."

इंदू बोटांवर मोजायला लागली. "तेव्हा मी इथे नव्हते, ताई. चिपळूणला भावाकडे वास्तुशांत होती. बाराला परत आले." आणि मग तिची मोजणारी बोटं थांबली आणि तिने माझ्याकडे पाहिलं. मॅडमनीही पाहिलं.

माझ्याकडे तीन गोष्टी तयार होत्या. एकीत वीज होती, एकीत नाग होता, तिसरी तर इतकी सुरेख होती की अजून कुणाला सांगितलेली नाही. मी तोंड उघडलं.

"ही मांडायला सांगून गेली होती, ते मी लिहिलं," मी म्हणालो. "रोज तेच तेच काय लिहायचं, हात वळेना. म्हटलं थोडी चढण असावी, मग कळस, मग उतार. साहेबांनी विचारलं तेव्हाही खोटंच सांगितलं."

"मग खरी किती बोटं होती?" मॅडमनी विचारलं.

चार म्हणायला काही हरकत नव्हती. आधीही चार, नंतरही चार.

"ठाऊक नाही," मी म्हणालो. "टाचेने पाणी बघायचो, फळी सरकवायचो. बोटं लावून बघितलीच नाहीत."

मॅडमनी पिशवीतून खोडरबर काढलं. तीन ठिपके पुसले, मग त्यांना जोडणारी रेघ पुसली, आणि कागदावरचा चुरा फुंकून टाकला. सुळका गेला. त्या जागी रेघेत बोटभर फट राहिली.

"आता जोडून टाका की," मी म्हटलं. "पोरालाही कळेल कुठून कुठे जाणार ते."

"नाही, तात्या. माहीत नाही तिथे रिकामंच ठेवायचं."

मी त्या फटीकडे बघत बसलो. माझ्या आयुष्यात मी कुठेही एवढी जागा मोकळी सोडलेली नव्हती. इंदूने कागदावर वाकून फट नीट निरखली, चहाचे कप उचलले, आणि आत जाता जाता म्हणाली,

"तीन दिवस माहेरी काय गेले, तर पृथ्वीला भोक पाडून ठेवलंत."